चौथा फेडर

हॉलच्या मागच्या भिंतीला, हिरव्या पाटीखाली
माझं टेबल. बारा फेडर, एक बाटली पाणी,
आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात:
एक तबला, दोन डग्गा, तीन पेटी, चार बाई.

बाई म्हणजे शैलजा हेबळेकर. वय एकाहत्तर.
माइकपासून एक वीत लांब बसतात, हलत नाहीत,
चौथ्या फेडरला मला फारसं काम नसतं.
पार्ल्यातला रविवार. मध्यंतरातच वडे संपलेले.
स्टेजमागे सौजन्याचा फलक: पस्तीस मजली इमारत
आणि तिच्या पायथ्याशी, फुलझाडांच्या जागी, बाईंचं नाव.

भैरवीआधी त्यांनी तानपुरा कानाशी घेतला.
खुंटी पिळली. पुन्हा पिळली. मणी सरकवला.
मग गाण्याच्याच आवाजात म्हणाल्या,
"आज जवारी खुली नाही, माफ करा.
ती काढणारे मकबूल मिस्त्री वाकोल्याला नाल्याकाठी राहायचे.
मंगळवारी त्यांची खोली पाडली.
कानशी, घोड्या, अर्धवट भोपळे, सगळं ढिगाऱ्यात.
नोटिशीवर शिक्का होता, तारीख नव्हती.
आणि पाडायचं कुणी ठरवलं, ते तुम्हाला, मला..."

विंगेतून आयोजक राजाध्यक्षांनी हात वर केला.
दोन बोटं, कात्रीसारखी. थेट माझ्याकडे बघून.

तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं,
"आम्ही गाणं ऐकायला आलोय हो!"
माणूस वाईट नव्हता. मध्यंतरात माझ्याकडेच आला होता,
किती वाजता संपेल विचारत.
बायको हॉस्पिटलात, भावाला उशाशी बसवून आलेला.
दोन तास काहीच ऐकू येऊ नये
म्हणून गाणं ऐकायला आलेला.
त्याला मी काय सांगणार?

मला आठवलं ते गेल्या मार्चातलं मैदान.
हाच मिक्सर, हीच वायर.
उमेदवार भाषणाच्या मध्येच अभंग म्हणायला लागला,
दोन ओळी, दोन्ही वेगळ्या पट्टीत.
खुर्च्याच खुर्च्या, पार गटारापर्यंत,
आणि एकही माणूस उठून म्हणाला नाही
की आम्ही भाषण ऐकायला आलोय.
मला सांगितलं होतं, एको वाढव.
वाढवला.

बोट चौथ्या फेडरवर.
माझे अडीच हजार त्या पस्तीस मजल्यांतूनच यायचे होते.
बंद केला नाही.
होता तसा ठेवलाही नाही.
अर्ध्यावर आणला.

सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं:
आवाज खाली गेला तसा हॉल पुढे झुकला.
वेफर्सची पिशवी थांबली. एसीची घरघर ऐकू आली.
बाईंनी वाक्य पुरं केलं, उघड्या गळ्यानं,
पहाटे घरात मंद्र लावत असतील तसं,
आणि ते पायऱ्या चढत चढत
माझ्या हिरव्या पाटीपर्यंत आलं.
काय होतं ते मी सांगणार नाही.
त्यांचं वाक्य, त्यांच्याच तोंडी बरं.

मग भैरवी. फेडर परत वर.
चौदा जण उठून गेले, मी मोजले.
तिसऱ्या रांगेतला बसून राहिला, डोळे मिटून.
झोपला होता की काय, कोण जाणे.

वायरी गुंडाळत होतो तेव्हा राजाध्यक्ष आले,
पाकीट देत म्हणाले, "बरं झालं, वेळेवर कमी केलास."
पाठोपाठ बाई, शाल सावरत,
"बरं झालं, बंद नाही केलास."
मी दोघांनाही हो म्हटलं.

तानपुरा टॅक्सीत मीच आडवा ठेवला.
गलेफातल्या गलेफात एक तार लागली,
कोरडी, नुसत्या लाकडासारखी.
बाईंनी काच खाली केली.
"मिस्त्रींचा फोन लागत नाही रे.
जवारी काढणारा दुसरा कुणी माहीत आहे तुला?"

मला कुणी माहीत नव्हतं.