मला मिळवून एकवीस

वडगावात, यंत्रमागाच्या वरच्या खोलीत माझा क्लास.
खाली साडी, वर गणित.
खटखट जिन्यानं वर येते
आणि नऊ बॉलपेनं बाकावर तोच ठेका धरतात.
मी ओरडत नाही. लाइट गेली की दोन्ही थांबतं.

रेल्वेची परीक्षा अकरा दिवसांवर.
फळ्यावर लिहिते :
बस खानापूरला ताशी साठनं जाते,
त्याच वाटेनं चाळीसनं परत येते.
सरासरी वेग?

भावकाण्णा हात वर करायच्या आधीच म्हणतो, पन्नास!
पन्नास असतंच रे, पहिल्याच पर्यायात,
उंदराच्या पिंजऱ्यातल्या भज्यासारखं.
सावकाश कापलेली वाट जास्त वेळ खाते,
म्हणून तीच हिशेबात जड भरते.
अठ्ठेचाळीस.

रिझवाना म्हणते, "पण टीचर, खानापूरची बस
पिरनवाडीतच अर्धा तास उभी असती की हो."
पेपरातली बस कुठंच थांबत नाही, मी सांगते.
तिच्यात कंडक्टर नसतो, सुट्ट्या पैशाचं भांडण नसतं,
पुढच्या सीटवर कोणी कोंबडी घेऊन बसलेलं नसतं.
ती फक्त जाते
आणि येते.

दुसरं गणित मी पुस्तकातून घेत नाही.
या खोलीत तुम्ही नऊ जण, सरासरी वय एकोणीस.
मला मिळवलं तर सरासरी एकवीस.
माझं वय?

कागद खरवडले जातात.
नऊ एकोणीसे एकशे एकाहत्तर,
दहा एकवीसे दोनशे दहा...
"एकोणचाळीस की हो टीचर!"
भावकाण्णा उभाच राहतो, इतका खूश,
आणि मग त्याला कळतं की आपण काय ओरडलो.
अर्जाच्या मागच्या पानावर वयोमर्यादा छापलेली असते.
ती सगळ्यांनी वाचलीय.
खालच्या मागात धागा तुटतो बहुतेक,
कारण एक खटखट कमी होते.

बरोबर, मी म्हणते. आता शॉर्टकट.
एवढे गुणाकार करत बसाल तर घंटा होईल.
नवीन आलेल्यानं प्रत्येकाला दोन-दोन द्यायचे,
नऊ दुणे अठरा,
आणि स्वतःकडं एकवीस ठेवायचे.
अठरा अधिक एकवीस. झालं.
फळ्याकडं तोंड करून मी ती बेरीज
गरजेपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिते.
एकवीसची असताना पहिला फॉर्म भरला होता,
हुबळीला सेंटर आलं होतं,
नवी चप्पल चावत होती.

गेल्या महिन्यात दहा होते.
महांतेश उद्यमबागला फाउंड्रीत लागला.
तोही एकोणीसचा, पुरता एकोणीसचा.
एकशे नव्वदातून एकोणीस गेले,
नवांनी भागलं : एकोणीस.
मी दोनदा करून पाहिलं.
सरासरीला पत्ताच लागला नाही
की खिडकीजवळची जागा रिकामी आहे.

हे मी शिकवत नाही. परीक्षेत विचारतात मात्र,
"खालीलपैकी कोणती संख्या वगळल्यास
सरासरी बदलणार नाही?"
एक मार्काला.

साडेआठला शटर ओढते तेव्हा
तो कधीकधी जिन्याखाली असतो, सायकल धरून.
शर्टाला लोखंडाची बारीक पूड,
भुवयांतसुद्धा.
वर येत नाही. खालूनच विचारतो,
"आज काय झालं टीचर?"
सरासरी.
त्याच्या घरी कन्नड, माझ्या घरी मराठी,
याच्या-त्याच्या पाटीवर रोज भांडणारी दोन्ही अक्षरं,
पण हा शब्द दोघांकडं हाच.
वहीच्या कडेला तो दोन्ही लिप्यांत लिहायचा,
एकाखाली एक, बेरजेसारखा.

"जाताना साठ, येताना चाळीस," मी म्हणते.
तो पायानं स्टँड मागं सारतो.
बराच वेळ काही बोलत नाही.
"अठ्ठेचाळीस," म्हणतो,
आणि सायकल हातानं ढकलत निघतो,
चाळीसच्या कितीतरी खाली.