उशिराचं कारण

सदतीस वर्षं भुसावळ डेपोत मी गाड्या सोडल्या.
खिडकी, शिट्टी, रजिस्टर.
म्हणून हर्षालीने कागद माझ्याच पुढ्यात टाकला,
"मामा, एवढं बसवून दे."

चांदणी पार्क, फैजपूर रोड.
ती तिथे तिकिटं फाडते, लोकेश आकाशपाळणा चालवतो.
कामावरची माणसं म्हणून भाडं निम्मं,
पण साडेदहाला गेट पब्लिकला उघडणार
म्हणजे उघडणार.
मुहूर्त नऊ बावीसचा.
हाताशी अडुसष्ट मिनिटं;
एवढ्यात यावलची गाडी चोपड्याला टेकत नाही.

नियम सतरा, पाठपोट छापलेले.
अक्षता नाहीत, तांदूळ लाटांच्या तलावाच्या जाळीत बसतो.
हळद पाण्यापासून पन्नास फूट लांब.
होम ताटाएवढा, शेजारी वाळूची बादली.
बाहेरचं अन्न नाही.
घोडा नाही. नवरदेवाने यायचं
बच्चेकंपनीच्या आगगाडीतून, तिचं भाडं पॅकेजात.

इंदूआत्या खापर घेऊन आली होती मांड्यांसाठी,
आंब्याची लाकडंसुद्धा ओढणीत बांधून.
माझा तक्ता बघून म्हणाली,
"लगीन शे का यष्टी शे रे भो?"
मी म्हटलं, यष्टी असती तर दहा मिनिटं थांबवली असती.

मॅनेजर रमजान तडवी, माणूस वाईट नाही.
खापर त्याने गेटबाहेर मांडू दिलं, रसवंतीच्या शेडमध्ये,
पहिला मांडा उभ्या उभ्याच खाल्ला,
बोटं चाटत म्हणाला, "फक्त आत आणू नका."

मंगलाष्टकं आठ, दर कडव्याला चाळीस सेकंद.
भटजींना शिट्टी आधीच दाखवून ठेवली.
रुसणाऱ्या काकांसाठी सहा मिनिटं राखीव.
कोणी रुसलं नाही.
मला वाटलं, सहा मिनिटं कमावली.

दहा सोळाला आकाशपाळणा.
नियम तेरा: एक फेरी, चार मिनिटं, फक्त वधूवर.
लोकेश वर बसलेला, म्हणून बटणावर भिकन.
दहा एकोणीसला पाळणा वर गेला, अगदी टोकाला,
आणि लाईट गेली.
नियम चौदा: जनरेटर पॅकेजात नाही.

खाली आम्ही तीनशे माणसं माना वर करून.
गेटवर यावलच्या शाळेची सहल, दोन गाड्या भरून,
गजांना लोंबकळत पोरं ओरडतायत,
नवरी अडकली! नवरी अडकली!
वरून हर्षाली वाकली.
मला वाटलं घाबरली.
ती तिकिटखिडकीतल्या बदलीच्या पोरीला सांगत होती,
"सुट्टे डाव्या ड्रॉवरात! चावी कॅलेंडरमागे!"
मग गप्प बसली.
लोकेशने कुठेतरी बोट दाखवलं,
बहुतेक सातपुड्याकडे,
खालून मला केळीच्या बागांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

तेव्हा कळलं, अक्षता सगळ्यांनीच आणल्या होत्या.
मुठीत, रुमालाच्या गाठीत, ब्लाऊजमधल्या बटव्यात.
पहिली मूठ कोणाची ते सांगणार नाही.
तांदूळ दोन पुरुष वर गेले,
पोचले नाहीत,
आमच्याच डोक्यांवर पडले.
पुन्हा फेकले. पुन्हा पडले.
तडवीने पाठ फिरवली, तलावाकडे बघत
स्वतःशीच बोलला, "इथे पाणी नाही."

घड्याळ माझ्या हातात होतं. दहा तीस झाले.
शिट्टी तोंडात होती. वाजवायची कोणासाठी?

दहा सदतीसला लाईट आली. ती दोघं उतरली,
गेट उघडलं, पोरं आमच्यातून पाण्याकडे धावली,
एकाने पळता पळता नवरीच्या शालूला हात लावून बघितला.

रात्री जुनं रजिस्टर काढलं, सवय.
सुटण्याची वेळ दहा तीस. सुटली दहा सदतीस.
उशिराचं कारण...
या रकान्यात मी आयुष्यभर लिहीत आलोय,
पंक्चर, म्हशी, रेल्वे फाटक, ड्रायव्हर जेवत होता.
पेनाचं टोपण काढलं.
आत कुंकवातला एक तांदूळ होता.