अंगठा

अपोंडीनं फोन तळहातावर तोलला,
मासा तोलतात तसा.
'एवढ्याशा जिवात काय काय भरलंय?'
मी सांगत सुटलो : दोन सिम, पडद्याचे दोन भाग,
वर बाजारभाव, खाली लेकाचा चेहरा,
आणि मागं रेडिओ चालूच.

किसुमूच्या धक्क्याला नाव लागत होती.
तिनं एका कानानं नैरोबीचं गिऱ्हाईक ऐकलं,
दुसऱ्यानं लेकाचं फीचं रडगाणं,
बोटानं पैसे धाडले,
पायानं मांजर हाकललं,
आणि सुरी? सुरी थांबलीच नव्हती.
'हे तर मी रोजच करते,' म्हणाली,
'यात नवं काय?'

नवं म्हणून मी कुलूप दाखवलं,
बोट टेकवलं की उघडणारं.
तिनं अंगठा टेकवला.
कांगाला पुसून पुन्हा टेकवला.
थुंकी लावून पुन्हा.
फोन म्हणाला, ओळख पटत नाही.

तीस वर्षांच्या खवल्यांनी
रेघा कधीच खरवडून नेल्या होत्या.

माझी पाठ केलेली वाक्यं संपली.
ती हसली, करंगळी पुढं केली :
'ही घे. हिनं जन्मात काम केलं नाही.'

उघडला.

'बस आता,' स्टूल ओढत म्हणाली,
'तुझ्या किमतीचे खवले काढू.'