एकाहत्तर

मादाम ऑरोर म्हणाली, सकाळी गाडी ढुशी मारते.
पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना तर
मागून कुणी शिंगं लावल्यासारखी.
दुपारी मात्र गरीब गाय.

गॅरेजात आणलीस की ती दुपारच झाली, मी म्हटलं.
डॉक्टर दिसला की दाढ दुखायची थांबते, त्यातली गत.
घरीच राहू दे. रात्री हीटरची वायरही लावू नकोस.
मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

कापुस्केसिंग.
नावात कापूस आहे, दारोदार ढीग लागलेत,
पण एक मूठ उशीत भरता येणार नाही.
पहाटे साडेपाच. उणे छत्तीस.
पापणी पापणीला चिकटते, सोडवून घ्यावी लागते.
सीट म्हणजे फळी.
ती चालवायला, मी शेजारी,
मांडीवर स्कॅनर, एक हातमोजा काढून
गिअरच्या दांड्यावर उघडा तळहात.

इंजिन उठलं. कण्हलं. थोडा वेळ आम्ही दोघी गप्प.
मग निघालो, आणि धप्प धप्प धप्प.
हेच का, तिनं विचारलं. हे नाही गं.
हे टायर. रात्रभर एका कुशीवर झोपून
खालून चपटे झालेत. गल्लीच्या टोकापर्यंत गोल होतील.
चर्चच्या वळणाशी
ढुशी.
हातातून खांद्यात, खांद्यातून मागच्या दातांत.
हे, मी म्हटलं.

तेल आदल्या दिवशीच बघितलं होतं,
गाडी गरम, इंजिन चालू, जसं बघावं तसं.
लाल. थोडं जुनं. जळका वास नाही, पातळी जागेवर.
रोझेर काका म्हणायचा,
गिअरबॉक्स उघडतो तो
विचार करून थकलेला मेकॅनिक.
मी अजून थकले नव्हते.

स्कॅनरवर बघितलं:
बाहेरची हवा, उणे छत्तीस.
इंजिनातलं पाणी, शून्याच्या जरा वर.
गिअरबॉक्सचं तेल, एकाहत्तर.

एकाहत्तर!
त्या घडीला गावात कुणाच्या केटलीतही नसेल.
पूल ओलांडला, कागद गिरणीचा धूर मागे पडला,
एकाहत्तर. ढुशी. पुन्हा एकाहत्तर.
खाली तेल काकवीसारखं घट्ट
आणि वर कॉम्प्युटरला निरोप, सगळं छान ऊबदार आहे.
तो बिचारा निरोपावर विश्वास ठेवून
उन्हाळ्याच्या हिशेबानं गिअर टाकतोय.

परत आल्यावर अंगणात पुठ्ठा अंथरून आडवी झाले.
टॉर्च दातांत. आणि दिसलं.
सेन्सरच्या वायरी तोडून त्यांच्या मधे
तांदळाएवढा एक रेझिस्टर,
कायम एकच आकडा सांगणारा,
वरून हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती टेप,
हिरवी, तीन वेढे, टोक नीट दुमडलेलं.

मी काही बोलले नाही. टेप तिच्या हातात दिली.
यानिक, ती म्हणाली.
गेल्या उन्हाळ्यात. पिवळा दिवा लागायचा
आणि मला रात्री झोप लागायची नाही.
म्हणाला, केलं नीट, मामाँ.
आणि दिवा खरंच विझला की गं.

आता तो तिकडे आल्बर्टात, तेलाच्या खाणीवर.
रविवारी फोन येतो.
काय जेवलास, थंडी किती, ती मुलगी परत आली का,
काहीही विचारा, एकच उत्तर:
बरं आहे.

सेन्सर टिमिन्सहून यायला गुरुवार उजाडेल, मी सांगितलं.
तोवर दिवा पेटेल. घाबरू नकोस.
किती दिवस पेटेल?
तीन-चार.
पेटू दे, ती म्हणाली,
आणि टेपचं टोक नखानं सोडवत
तिथेच उभी राहिली, बर्फात, टोपी न घालता.
मला वाटलं, कॉफी विचारेल.
तिनं विचारलं, आल्बर्टात आत्ता किती वाजले असतील?