त्रेसष्टची पावलं

"पाचवा भाग सगळ्यात भारी होता," यदू म्हणतो,
आणि बोरिवलीच्या मल्टिप्लेक्सचा जिना उतरताना
पॉपकॉर्नचा रिकामा डबा हलवत
आकडे ऐकवतो: किती गाड्या, किती देश, किती कोटी.
मी हं म्हणतो.
माझं मोजमाप वेगळं. मी गुडघ्यांनी मोजतो.

एजंट त्रेसष्ट पहिल्यांदा चालला
तेव्हा अंधेरीच्या त्या स्टुडिओत एसी नव्हता,
पंखा लावला तर माइकमध्ये यायचा.
पडद्यावर तो, खाली वाळूच्या खोक्यात, फरशीच्या तुकड्यावर मी.
बूट चोरबाजारातले, एक नंबर मोठे,
डाव्या टाचेचा खिळा सैल.
रेमीजियस काचेमागून म्हणाला,
"खिळा राहू दे. भ्यालेला वाटतो."
कथेत राम नव्हता.
खलनायकाचा अड्डा पुठ्ठ्याचा, दार आपटलं की भिंत हलायची,
मी बिडाच्या तव्यावर हातोडी मारून तिला वजन दिलं.
पण माणूस घाबरायचा. जिना उतरताना
मध्येच एका पायरीवर थांबायचा, विनाकारण.
मला तो त्या पायरीवर पटला.

दुसऱ्याबद्दल काय बोलू.
मोडलेल्या बरगड्या एकोणीस, त्यासाठी कोबी नऊ किलो.
घरी आठवडाभर कोबीचीच भाजी. हेमांगी बोलेना.

तिसरा लोकांनी पाडला. मध्यंतरानंतर ढेपाळतो, खरंय,
दोन गाणी उगाच,
आणि नायिका गोळी लागल्यावरही पाच मिनिटं
शुद्ध हिंदीत निरोप घेते.
पण मशीद बंदरच्या लॉजमधली ती रात्र!
निरोप्या येत नाही. येतच नाही.
तो कॉटवरून उठतो, माठातलं पाणी पितो,
चपला जुळवून ठेवतो,
मग पुन्हा जराशा विलग करतो, पळताना पटकन पाय सरकावा म्हणून.
त्या चपलांपायी आम्ही पहाटेचे चार वाजवले.
रबर झालं, कातडं झालं,
शेवटी माझ्याच, घरून घालून आलेल्या.
थिएटरात नेमकं तेव्हाच कुणी खोकलं,
माझ्या काळजात चर्र झालं.

चौथ्यात तो जमिनीला लागतच नाही.
सहा आणि तीन, एकमेकांकडे तोंड केलेले,
छत्तीससारखी पाठ फिरवून नव्हे,
म्हणून त्याचा नंबर त्रेसष्ट,
हे पहिल्या भागात दोन वाक्यांत सांगून झालं होतं.
तीन सिनेमे आपण वाट पाहिली, शत्रू समोर येईल म्हणून,
आणि इथे दोघं दोन वेगळ्या हेलिकॉप्टरांत!
मला तीन दिवसांचं काम.
पैसे मात्र सगळ्यात जास्त मिळाले, मुलीची फी भरली,
तेव्हा शिव्या जरा हात राखून.

यदूचा पाचवा. नवा नट.
उड्या अस्सल, भाषणं कमी, मान्य.
अडीच तासांत मी घड्याळ पाहिलं नाही, तेही मान्य.
पण आपल्याकडे सगळे बघतायत
हे ठाऊक असल्यासारखा चालतो तो,
हेराचं तिथेच भांडं फुटतं.
त्या पावलांत मी नव्हतो.
कॉम्प्युटरात पावलांचं दुकान असतं म्हणे,
ओली फरशी, सुकी फरशी, मागाल ती.

आणि आज हा सहावा.
"झकास होता, काका," यदू म्हणतो, "एकच गोष्ट खटकली.
भुयारातल्या त्या सीनला
हिरो तिशीचा, मग पावलं एवढी जड का?
कुणी म्हातारं चालल्यासारखी."

मीही ऐकली होती.
पडदा जवळजवळ काळा, पाणी ठिबकतंय,
आणि त्यातून येणारा
डाव्या टाचेचा तो सैल खिळा.
जुन्या टेपा कुणी उपसल्या असतील?
रेमीजियसला जाऊन चार वर्षं झाली.
शेवटची पाटी मी दिवे लागेपर्यंत वाचली,
ड्रायव्हरांची नावं होती, कुत्र्याचं होतं.

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो, यदू.
बूट एक नंबर मोठे होते, एवढंच.

हे बोललो नाही.
"असेल," म्हटलं, आणि जिन्यात
मध्येच एका पायरीवर थांबलो.
यदूने वळून विचारलं, "गुडघा?"
मी हं म्हटलं.