काट्यावर

पिकअप घेतली पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याकडून.
दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली,
दार उघडताना कण्हणारी,
हौद्याच्या फटींत वाळके देठ अडकलेले.
रऊफ मिस्त्री टोच्याने ते उकरत होता.
म्हटलं, दोन राहू द्या.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं गिऱ्हाईक आता उधारीचं बोलणार.

वडाळा नाक्याला त्याची शेड.
दीड महिना रोज नाशिकरोडहून जातेय,
डब्यात दोघांपुरतं घेऊन.
कमानीला एक पाटा जादा बसला.
बारा एमएमची प्लाय, खाली रबर,
झोपायची फळी माझ्या मापाची,
पाच फूट एक इंच आणि वर वीतभर
(झोपेत माणूस लांबतो, हे त्याचं म्हणणं).
फळीखाली खण, खणात स्टोव्ह, पाना, तांदूळ.
साठ लिटरची टाकी डाव्या चाकावर,
बॅटरी आणि जॅक उजव्या.
"गाडी कलायची नाही," तो म्हणतो,
"माणूस कलला तर आपली गॅरंटी नाही."

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
कोऱ्या शंभराच्या कडेला
केसाएवढी रेघ हलली तरी बाजूला.
बिनचूक होत्या त्या गेल्या
लेहला, कोहिमाला,
कच्छातल्या कुठल्या चहावाल्याच्या गल्ल्यात.
मी जेलरोड ते गेट, गेट ते जेलरोड.
संध्याकाळी झडती:
रुमाल झटका, डबा उघडा, चपला उलट्या करा.
निघताना हात रिकामे आहेत याची
इतकी काळजी माझ्या आईनेही केली नसेल.

भाऊ म्हणतो, टूरवाले आहेत की, जेवणासकट.
शेजारच्या पगारेबाई म्हणतात, एकटीच?
आणि रात्री?
रात्रीसाठी आतून कडी आहे, पितळी,
भद्रकालीत पाऊण तास घासाघीस करून आणलेली.
लावून, काढून, लावून पाहिली.
इतकी वर्षं कड्या बाहेरूनच पाहिल्या होत्या.

काल पहिल्यांदा पूर्ण भरून काट्यावर नेली,
आडगावला, कांद्याच्या ट्रकांमागे रांगेत.
खिडकीतला पोरगा आकडा बघून वाकला.
"मावशी, घर नेताय का?"
आरसी बुकापेक्षा दीडशे किलो जास्त.

मग तिथेच, डिझेलच्या धुरात,
उतरवायला लागलो.
दुसरा जेरीकॅन. बिडाचा तवा.
मिक्सर, ज्याला वीज कुठून देणार होते देव जाणे.
पुस्तकांची पेटी.
निवृत्तीला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ, खोक्यासकट.
दुसरी गादी.
ती कुणासाठी, हे रऊफने विचारलं नाही,
नुसती गुंडाळून टेम्पोत ठेवली,
दोरी बांधली, गाठ दोनदा ओढली.
"देठ काढू का ते दोन?" एवढंच म्हणाला.

तरी अडतीस किलो उरले.
मी खाली उतरले, अजून काय काढायचं बघायला.
"बास!" पोरगा ओरडला, "आता बसतंय!"

ट्रकवाले हसले. मीही हसले,
पण जरा उशिरा.
माझ्यावाचून सगळं नियमात होतं.

रऊफ हसला नाही.
पुढे आला, गुडघ्यावर बसला,
टाकीचा नळ सोडला.
"पाणी रस्त्यात मिळतं," म्हणाला, "चढा तुम्ही."

मी कॅबिनमध्ये बसून ऐकत राहिले.
गंगापूर धरणातलं पाणी काट्याच्या पत्र्यावरून
कांद्याच्या सालींना घेऊन वाहत गेलं.
आरशात पोरगा आकडे मोठ्याने वाचत होता:
तीस, बावीस, चौदा, सहा.

पावती हातात आली.
सवयीने उजेडासमोर धरली, तिरपी केली,
अंगठ्याने कडा चाचपली.
तार नव्हती. शाई जरा फुटलेली,
एक अक्षर घसरलेलं.

घेतली तशीच.
मागच्या ट्रकने हॉर्न दिला.