नववी

यशो आठवी पास झाली तेव्हा
पेढे नाही, पण पाव किलो साखर आणली होती मी.
सरकारची खिचडी आठवीपर्यंतच असते
हे त्या दिवशी डोक्यात आलंच नाही.

शाळेत मी आणि कौसाबाई,
दोघी मिळून एकशे बारा पोरांचं शिजवतो.
पाचवीपर्यंत पोरामागे शंभर ग्रॅम तांदूळ,
सहावीपासून दीडशे.
डाळ, तेल, हळद, मीठ,
सगळं ठवकर सरांच्या रजिस्टरमधून येतं.
मोजायचं, टाकायचं, ढवळायचं.
डोकं लावायचं काम नाही.

डोकं घरी लागतं.

जिनिंग बंद झाल्यापासून सम्यकचे बाबा
सकाळी फाट्यावर जाऊन उभे राहतात.
दहाला परत आले
आणि उभ्या उभ्या दोन गिलास पाणी प्याले
की समजायचं, आज काही नाही.
माझं मानधन होळीपासून आलेलं नाही.
गुल्हाने दुकानदार बोलत नाही काही,
नुसता वहीवर हात ठेवतो
आणि रस्त्यावरच्या म्हशीकडे बघत बसतो.
मी दहा रुपयांचं तेल मागते.
तो बाटली उजेडात धरून दाखवतो:
एवढं.

कंट्रोलचा तांदूळ आहे अजून.
त्याच्यावर काय घालायचं, तो प्रश्न.
चुनात पाणी वाढवता येतं,
पण त्यालाही एक हद्द असते.
परवा मामाजी ताटात वाकून म्हणाले,
"सूनबाई, चुनात माही दाढी दिसून राह्यली."
सगळे हसलो. मीच जास्त.
मग भांडी घासताना
उगाच कढई दोनदा घासली.

यशोचं हायस्कूल चार किलोमीटर.
"डब्बा नको माय, पोरी हासतेत," म्हणते.
कोणी हसत नाही, मला माहीत आहे.
टोपल्यातल्या भाकरी
ती सकाळीच मोजून ठेवते नजरेनं,
माझ्याआधी.
येताना रस्त्याच्या कडेचा कोवळा तरोटा खुडून आणते,
दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकाखाली.
भूगोलाला हिरवे डाग पडलेत.

काल खिचडीच्या रांगेत
सम्यक दुसऱ्यांदा ताट घेऊन आला.
पोटच्या पोराला दुसऱ्यांदा वाढणं
म्हणजे एकशे अकरा पोरांच्या आया बघत असतात,
तिथे नसल्या तरी.
"बस झालं, जाय तिकडं," मी म्हटलं.
गेला. मागं वळून पाहिलं नाही त्यानं.
कौसाबाई म्हणाली, "काऊन खेकसतं व लेकरावर?"
मी झाऱ्याला चिकटलेली शितं
पातेल्याच्या काठावर झटकत राहिले.

संध्याकाळी यशो आली, हातपाय धुतले,
तरोटा निवडायला बसली.
सम्यकनं दप्तरातून
तिचीच जुनी कंपासपेटी काढली,
झाकणाला गंज चढलेली,
आणि तिच्यापुढे सरकवली.
आत कर्कटक नाही, कोनमापक नाही.
गार, पिवळी, दाबून भरलेली खिचडी.
कोपऱ्यात पेन्सिलीचा एक तुकडा राहून गेला होता,
हळदीनं माखलेला.

त्याच्या पहिल्या वाढपातली होती ती.
म्हणजे दुपारभर पोरगा
अर्ध्या पोटी मैदानात धावत होता
आणि मी त्याला हाकललं होतं.

मला वाटलं यशो रडेल,
नाहीतर मी.
तिनं पेन्सिल काढून फ्रॉकला पुसली, त्याला दिली.
दोन बोटांनी एक घास घेतला,
चावला, तोंड वाकडं केलं.
"माय, तू शाळेत मीठ कमी टाकतं."

"तेही मोजूनच भेटते व," मी म्हटलं.

ती उठली,
फळीवरच्या पाच डब्यांपैकी
न हलवताही भरलेला कळतो
तो एकच डबा उघडला,
आणि चिमूट नाही,
चांगलं मूठभर मीठ घेऊन आली.